नामदार गोखले आणि शिलकेचा हिशेब



आपल्या वार्तापत्राच्या दर अंकात एका थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात द्यावे, अशी आपल्याकडे पद्धत आहे. या वेळी आम्ही नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी लिहीत आहोत. वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल, यात नवे ते काय? गुरुजींनी घातलेली गणिते एकट्या गोपाळची बरोबर आली, गुरुजींनी त्याला पहिल्या जागेवर बसवले आणि हा मुलगा रडू लागला, कारण एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. ही गोष्ट मराठी घरात सगळ्यांना पाठ आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकातले गोखले गांधीजींचे राजकीय गुरु एवढ्या एका ओळीत संपत असत. त्या रडणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले आणि गणिताशी त्याचे नाते काय राहिले, हे आम्हाला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर वाचायला मिळाले.

आणि गोखलेच का, याला दुसरेही एक कारण आहे. वाणिज्य संकायातली आपली मुले हल्ली प्रकल्पाच्या वहीत रंगीत आलेख काढून आणतात. कंपनीचा नफा, गावातली बँक, घरचा खर्च, सगळ्याचे स्तंभ आणि वर्तुळे. संगणकावर ते दोन मिनिटांत होते. देखणेही दिसते. पण त्या चित्रातून खरे दिसते का, हा प्रश्न वहीत कुठे विचारलेला नसतो. आमच्याही हातून या बाबतीत एक चूक झाली आहे. ती पुढे सांगतो.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव तेव्हा स्वतः शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि कागलला महिना 15 रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरातून 8 रुपये ते कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या 7 रुपयांत घर चाले. विद्यार्थ्यांनी इथे क्षणभर थांबावे. अर्ध्याहून अधिक पगार भावाच्या शिक्षणाला! पुढे कॉलेजच्या खर्चाला वहिनींनी आपले दागिने विकले. असा पैसा हातात आलेला मुलगा पै-पैचा हिशेब ठेवणार नाही तर काय करणार? सांगतात, की एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले आणि मग तिकिटाचे पैसे मागितले. ते भरून काढण्यासाठी गोपाळने दिव्याचे तेल वाचवले आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. गोष्ट खरी असो वा थोडी रंगवलेली असो, माणूस तसाच होता.

1884 मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. नंतरच्या वर्षी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 35 रुपयांवर शिक्षक म्हणून लागले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला माणूस नसेल तो गोखल्यांकडे. (लहान शाळांतल्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.) अंकगणितावरचे त्यांचे पुस्तक भारतभर शाळांतून चालले, देशी भाषांत उतरले आणि त्याच्या उत्पन्नाने त्यांचा संसार सावरला. म्हणजे देशाचा अर्थसंकल्प तपासणारा हा माणूस आधी बेरीज-वजाबाकीचा मास्तर होता, हे लक्षात असू द्यावे.

पुण्यात त्यांना गुरू मिळाले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन 1890 मध्ये गोखल्यांकडे आले, आणि रानड्यांनी त्यांना अक्षरशः कामाला जुंपले. सरकारचे जाडजूड अहवाल आणायचे, त्यातले आकडे काढायचे, एका वर्षाचे दुसऱ्याशी ताडून पाहायचे, मग अर्ज लिहायचा. रानडे तो तपासायचे, चुका दाखवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. एवढे करून सरकारकडून उत्तर येई दोन ओळींचे. तरुण गोखले यावर वैतागले. तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावले, की अर्जावर नाव सरकारचे असते, पण तो खरा लिहिलेला असतो आपल्याच लोकांसाठी. या कारभाराकडे कसे पाहायचे, हे लोकांना शिकवायचे आहे.

याच काळात त्यांना आणखी एक आधार मिळाला, ज्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. हे सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर होते, सोलापूरला. शाळा सांभाळून ते देशाच्या जमाखर्चाचा असा अभ्यास करीत, की आकड्यांच्या बाबतीत रानडे आणि गोखले दोघेही त्यांचा सल्ला घेत. सरकारी नोकर असल्याने त्यांचे लेख नावाशिवाय छापले जात. एका हेडमास्तरांविषयी आम्ही जरा कौतुकाने लिहीत आहोत, हे वाचकांनी समजून घ्यावे.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये वेल्बी कमिशन बसले होते. दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. 1897 च्या एप्रिलमध्ये गोखल्यांनी त्यापुढे साक्ष दिली. वय तीस. खर्चावर लगाम कोणाचा, खर्च वाढत कसा गेला आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यात त्याची वाटणी न्याय्य आहे का, या तीन गोष्टी त्यांनी आकडे देऊन मांडल्या. अर्थशास्त्र कोळून प्यालेले इंग्रज उलटतपासणी घेत होते, तरी हा पुण्याचा प्राध्यापक डगमगला नाही.

पण त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंग घडला. पुण्यात प्लेग होता. घरे तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या वागणुकीविषयी मित्रांनी पुण्याहून पत्रे लिहिली. त्यांत स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे होते. गोखल्यांनी पत्रांवर विश्वास ठेवून ती हकिकत इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रातून जाहीर केली. मोठी खळबळ उडाली. इकडे 22 जून 1897 ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि वातावरण पेटले. जुलैत गोखले परत आले. आल्यावर त्यांनी पत्रलेखकांकडे पुरावा मागितला. कोणी आपले नाव पुढे करायला तयार होईना. तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहायचे, लोक विसरून जातील. किंवा मित्रांची नावे सांगून स्वतःची मान सोडवून घ्यायची. त्यांनी दोन्ही केले नाही. मित्रांची नावे पोटात ठेवली, आणि आपण सांगितलेली गोष्ट आपल्याला सिद्ध करता येत नाही, असे लिहून 4 ऑगस्टला जाहीर माफी मागितली.

लोकांनी त्यांना भेकड म्हटले. त्या वर्षी अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना बोलूही दिले नाही. ती माफी मागायला हवी होती की नव्हती, यावर आजही वाद होतो. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्याच्या लोकांना जाच झालाच नाही, असे कोणी समजदार माणूस म्हणणार नाही. आमच्या मते मात्र प्रश्न वेगळा होता. लोकांपुढे ठेवलेली गोष्ट खरी असून भागत नाही, ती कोणी विचारल्यावर दाखवताही आली पाहिजे. इथून पुढे गोखल्यांनी प्रत्येक आकडा पुराव्यासकट जवळ ठेवला. माणूस एकदा पोळला म्हणजे ताकही फुंकून पितो म्हणतात, त्यातला हा प्रकार. आणि पाच वर्षांनी या फुंकून पिण्याचा देशाला उपयोग झाला.

1902 मध्ये सर फिरोजशहा मेहता यांच्या जागी गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. 26 मार्च 1902 या दिवशी कलकत्त्यात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थखात्याचे प्रमुख सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. शिल्लक एवढी मोठी, की सभासद एकामागून एक उठून अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी सांगितले, की आपल्याला मनापासून या अभिनंदनात सामील होता येत नाही. सभागृह चकित झाले.

हा हिशेब विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन समजून घ्यावा, अवघड नाही. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात मोठी रक्कम द्यावी लागे. निवृत्तिवेतन, कर्जाचे व्याज, तिथल्या कचेरीचा खर्च. ती रक्कम पौंडांत. कर गोळा होई रुपयांत. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरत 1894-95 च्या सुमारास साधारण 13 पेन्सवर आला. एका पौंडाचे 240 पेन्स. म्हणजे 100 पौंड देण्यासाठी सरकारला सुमारे 1846 रुपये लागत. या संकटाचे कारण सांगून सरकारने कर वाढवले होते. मिठावरचा कर 1888 मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, आणि काही वर्षांत रुपया 16 पेन्सवर स्थिर झाला. आता तेच 100 पौंड 1500 रुपयांत देता येऊ लागले. प्रत्येक शंभर पौंडांमागे सुमारे 346 रुपये वाचले. संकट संपले. वाढवलेले कर मात्र तसेच राहिले.

शिल्लक आली ती इथून. शेती पिकली म्हणून नव्हे, व्यापार भरभराटला म्हणून नव्हे. उलट ती वर्षे 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांची होती. आपल्या माळव्यात दुसऱ्या दुष्काळाला छप्पनिया म्हणत, संवत 1956 म्हणून. जुन्या घरांतल्या आजी-पणजींनी त्याच्या गोष्टी सांगितलेल्या कोणाला तरी आठवत असतील. एकीकडे लोक अन्नाला महाग, दुसरीकडे तिजोरीत सात कोटी जादा. शिवाय रुपया महाग झाल्याने शेतकऱ्याला मालाचे रुपये कमी मिळू लागले, आणि सारा होता तेवढाच राहिला. म्हणजे कागदावर कर वाढला नाही, प्रत्यक्षात वाढला. गोखल्यांनी ही गोष्ट शांतपणे, एक एक पायरी करून मांडली. सरकारचा एकही आकडा त्यांनी खोटा म्हटला नाही. सगळे आकडे सरकारचेच होते. त्यांनी फक्त शेजारी शेजारी ठेवायचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. तिजोरीची स्थिती आणि लोकांची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी ओळखता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

मिठाचेही तसेच. कर वाढला की मिठाचे उत्पन्न वाढलेले दिसे, आणि सरकार म्हणे, बघा, लोकांना झेपते आहे. गोखल्यांनी उत्पन्न बाजूला ठेवून माणशी मीठ किती खपते, ते पाहिले. कर कमी असताना खप वाढत होता. कर वाढल्यावर तो अडकला. गरीब माणूस मिठातही काटकसर करीत होता. वर्षानुवर्षे हेच मागणे लावून धरल्यावर 1903 मध्ये मिठाचा कर दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया. 1903 मध्येच प्राप्तिकरातून सुटीची मर्यादा 500 रुपयांवरून 1000 वर गेली. हे सगळे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण त्यांच्याशिवाय ते इतक्या लवकर झाले नसते, असे आम्हाला वाटते.

गोखल्यांनी कायदेमंडळात आलेख काढून दाखवले नाहीत, भाषणच केले. पण आलेख काही नवा नव्हता. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने 1786 मध्येच व्यापाराचे आकडे रेघांनी आणि स्तंभांनी दाखवले होते. 1858 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धात सैनिक गोळीने कमी आणि रोगाने जास्त मेले, हे पाकळ्यांच्या चित्राने दाखवले. त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या आकृतीत त्यांनी मृत्यूचा आकडा मध्यापासूनच्या रेघेच्या लांबीने दाखवला. पण पाहणाऱ्याचा डोळा लांबी पाहत नाही, रंगवलेली जागा पाहतो. लांबी दुप्पट केली की जागा चौपट होते. त्यामुळे मोठे आकडे आहेत त्याहून मोठे दिसू लागले. खरे तर हे त्यांच्या फायद्याचेच होते, त्यांना सरकारला हलवायचे होते. तरी त्यांनी आकृती बदलली आणि जागा आकड्याच्या प्रमाणात केली. याच बाईंचा पुढे हिंदुस्थानातल्या आरोग्याच्या प्रश्नांवर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता.

आता आमची चूक. एका वार्षिक प्रतिवेदनात आम्ही पटसंख्येचा स्तंभालेख दिला होता (आमच्या वेळी हिंदीत याला दंड-आलेख म्हणत). संगणकाने उभी रेघ शून्यापासून न घेता मधल्याच आकड्यापासून घेतली. थोडी वाढ झाली होती, ती चित्रात दुपटीसारखी दिसली. आम्हाला ते छान वाटले, तसेच ठेवले. विश्वस्तांच्या बैठकीत सर्वांनी टाळ्या वाजवल्या. वाढत्या मुलांसाठी नवी खोली बांधण्याची चर्चा सुरू झाली आणि रिकाम्या असलेल्या मराठी शिक्षकाच्या जागेचा विषय पुढच्या बैठकीवर टाकायचे ठरत आले. तेवढ्यात एका वयस्क विश्वस्तांनी चष्मा लावून विचारले, की या मुलांपैकी मराठी विषय घेणारी किती? आलेखात ते नव्हते. एकूण संख्या दाखवली होती, आणि एकूण संख्या वाढत होती. मराठी घेणाऱ्यांची संख्या मात्र वर्षागणिक उतरत होती. हजेरीपटात ती होती, आम्हाला ठाऊक होती, आणि आम्ही ती दिली नव्हती. खोटे एक अक्षर लिहिले नव्हते. तरी बैठक चुकीचा निर्णय घेणार होती, आणि ज्या कामासाठी आपल्या पूर्वजांनी या गावात ही शाळा काढली तेच काम मागे पडणार होते. घरी आल्यावर आम्ही 1902 चे ते भाषण पुन्हा काढून वाचले.

असो. पुन्हा गोखल्यांकडे वळू. 12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी गांधीजींबरोबर तिथल्या हिंदी लोकांची स्थिती पाहिली. यावर पुष्कळ लिहिलेले आहे, म्हणून आम्ही फार सांगत नाही. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे.

16 मार्च 1911 रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती साधी होती पाहा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा नगरपालिकांना आणि स्थानिक मंडळांना असावी, तीही जिथे आधीच पुरेशी मुले शाळेत जात असतील तिथेच. यासाठी त्यांनी देशोदेशीची तुलना केली. एकूण लोकसंख्येपैकी प्राथमिक शाळेत किती टक्के? अमेरिकेत 21, जपानमध्ये 11, ब्रिटिश हिंदुस्थानात 1.9. कोणी चतुर माणूस एवढेच तीन आकडे देऊन थांबला असता. गोखल्यांच्या यादीत मधले देशही होते आणि रशियासारखा चार-पाच टक्क्यांवर असलेला देशही होता. आपल्या बाजूला न बसणारे आकडेही त्यांनी गाळले नाहीत. आणि ते ठेवूनही आपला देश सगळ्यात खाली राहिला.

या आकड्यांत एक बारीक गोष्ट आहे. ते ब्रिटिश हिंदुस्थानचे आकडे आहेत. धार आणि देवास त्यात नाहीत, कारण ही पवारांची संस्थाने होती. देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती, दोघांचे दरबार वेगळे आणि जमाखर्चही वेगळे. तेव्हा देवासचे उत्पन्न किती, असे कोणी विचारले तर आधी कोणत्या देवासचे, हे विचारावे लागे. आलेखाखाली त्यात कोण धरले आणि कोण वगळले ते लिहावे, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलांना ते किचकट वाटते. त्यांना हे उदाहरण द्यावे. संस्थानांपैकी बडोद्याने सयाजीराव महाराजांच्या काळात, 1906 मध्ये, सक्तीचे शिक्षण राज्यभर सुरू केलेही होते, आणि जे ब्रिटिश सरकारला अशक्य वाटते ते एक देशी संस्थान करते आहे, हे गोखल्यांना दाखवता आले.

विधेयकाला सरकारने विरोध केला. काही जमीनदारांनी आणि आपल्यातल्याही काही लोकांनी विरोध केला. मार्च 1912 मध्ये मतदान झाले. बाजूने 13, विरुद्ध 38. गोखल्यांना पराभव आधीच दिसत होता. तरी त्यांनी आकडे फुगवले नाहीत, की खर्च कमी करून दाखवला नाही.

प्रकृती कधीच चांगली नव्हती, मधुमेह होता, आणि कामाला विश्रांती नव्हती. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय फक्त 48. ज्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर मतभेद राहिले त्या लोकमान्य टिळकांनी स्मशानात त्यांना श्रद्धांजली वाहिली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत आला 2002 च्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. विधेयक पडल्यापासून अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

आपल्या शाळेच्या यंदाच्या प्रतिवेदनात पटसंख्येचा आलेख शून्यापासून काढला आहे. त्यात दोन रेघा आहेत, एक एकूण मुलांची आणि दुसरी मराठी घेणाऱ्या मुलांची. दुसरी रेघ उतरती आहे. नववीच्या वाणिज्यप्रेमी मुलांनी तो मोठ्या कागदावर हाताने काढला असून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. आकडे हजेरीपटाशी ताडून पाहायचे असतील तर पट कार्यालयात ठेवला आहे. पालक-शिक्षक सभेला येताना पालकांनी आलेख जरूर पाहावा, आणि मराठी शिक्षकाच्या जागेविषयी आपले मत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
प्राचार्य